पितळी पातेलं, वरचं दूध आणि लहानग्यांचं लिव्हर: पुण्यातल्या एका कामाचा गौरव कसा करावा

बालरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आजच्या डॉक्टरला ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’चा, म्हणजे लहान मुलांचं यकृत घट्ट होऊन निकामी करणाऱ्या आजाराचा, रुग्ण बहुधा कधीच पाहायला मिळत नाही. पुस्तकात थोडका मजकूर, परीक्षेला एखादी टीप, एवढ्यावर विषय आटोपतो. १९७० आणि ८० च्या दशकांत मात्र पुण्यासारख्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात या आजाराची मुलं सतत येत असत आणि त्यातली बहुतेक वर्षाच्या आत दगावत. घरातलं पहिलं मूल याच आजारानं गेलं आणि दुसऱ्याचंही पोट वाढू लागलं, अशी कुटुंबं डॉक्टरांच्या ओळखीची झाली होती.

मुलांचं पचन, यकृत आणि पोषण या शाखेत हयात घालवलेल्या डॉक्टरांचे सत्कार आपल्याकडे होतात, आणि ते व्हायलाच हवेत. पण शाल-श्रीफळासोबत वाचल्या जाणाऱ्या मानपत्रात बहुधा पदांची, संस्थांची आणि शोधनिबंधांची यादी असते. सभागृहातल्या माणसाला या व्यक्तीनं नेमकं काय केलं ते कळत नाही. म्हणून एकच काम घेऊन ते मुळापासून सांगायचं ठरवलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे, त्यांच्यानंतर हेच काम पुढे नेणारे डॉ. आशिष बावडेकर आणि इंग्लंडमधले त्यांचे सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांचं हे काम. माझ्या मते मराठी माणसाच्या स्वयंपाकघरात इतक्या खोलवर जाऊन केलेलं वैद्यकीय संशोधन फार थोडं असेल.

आजार कसा दिसायचा

मूल साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षांचं असे. आधी नुसती किरकिर. भूक मंदावलेली, पोट जरा फुगलेलं. आई म्हणायची, “पोट कडक लागतंय.” सुरुवातीला मूल कुपोषित दिसत नसे, त्यामुळे घरच्यांना धोका जाणवत नसे. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला की उजव्या बरगडीखाली यकृत लागायचं, दगडासारखं घट्ट आणि पातळ धारदार कडेचं. या कडेला त्या पिढीतले डॉक्टर ‘लीफी बॉर्डर’ म्हणत आणि बोटांना ती एकदा कळली की निदान जवळपास झालंच. पुढे प्लीहा वाढे, पोटात पाणी साठे आणि कावीळ दिसू लागे. कावीळ दिसली की मूल हातातून जाणार हे अनुभवी डॉक्टरला कळत असे. शेवटी जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव व्हायचा, नाहीतर मूल बेशुद्धीत जायचं.

लोक याला ‘लिव्हर झालंय’ म्हणत. तो त्या काळचा घरोघरचा धाक होता. मद्रासकडे तर एका वैद्यघराण्याचं मुलांच्या लिव्हरचं औषध फार दूरवर प्रसिद्ध होतं. आजाराचा धाक किती होता, याचा यावरून अंदाज येतो.

आजाराची निवडही चक्रावून टाकणारी होती. अगदी गरिबाघरी तो कमी दिसे. शहरातल्या सधन, शिकलेल्या घरांतही कमी. तो दिसे मुख्यतः खेड्यातल्या किंवा लहान गावातल्या मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत, जिथे घरचं दूधदुभतं होतं, चार भांडी बऱ्यापैकी होती आणि मुलाचे लाड करायची ऐपत होती. मुलींपेक्षा मुलगे जास्त. एकाच घरात दोन-तीन भावंडं. ज्या घरात बाळाला काही कमी पडू दिलं जात नव्हतं तिथेच बाळ जात होतं.

तर्कांची शंभर वर्षं

वैद्यकीय वाङ्मयात या आजाराची नोंद १८८७ साली कलकत्त्यात बी. सी. सेन यांनी केली. त्यानंतरच्या शतकात जवळजवळ प्रत्येक तर्क लढवून झाला. कुपोषण, आनुवंशिकता, विषाणू यांपैकी प्रत्येकाची पाळी आली. १९७० च्या सुमारास म्हैसूरकडच्या संशोधकांनी भुईमुगावरच्या बुरशीतून येणाऱ्या अफ्लाटॉक्सिन या विषावर बोट ठेवलं. प्रत्येक तर्काला थोडा आधार मिळे, पण सगळे रुग्ण एकाही तर्कात बसत नसत.

आनुवंशिकतेचा तर्क सर्वांत बळकट वाटे, कारण भावंडांना आजार होत होता. पण भावंडांत रक्तासोबत स्वयंपाकघरही एकच असतं. हा मुद्दा आता सोपा वाटतो. तेव्हा तो कुणी नेटानं धरला नव्हता.

ऑर्सिनचे ठिपके

पहिली खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. ऑर्सिन नावाचा तपकिरी-जांभळा रंग त्या काळात यकृताच्या तुकड्यात हिपॅटायटिस बी चा माग काढण्यासाठी वापरत. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातले पोर्टमन, टॅनर, मोवॅट आणि विल्यम्स यांनी या भारतीय मुलांच्या यकृताला तो रंग लावला, तेव्हा पेशींत गडद कण भरून राहिलेले दिसले. हे कण हिपॅटायटिसचे नव्हते. तांबं बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे होते. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, न्यूयॉर्कचे हान्स पॉपर, गोल्डफिशर, स्टर्नलीब आणि दिल्लीचे विकृतिशास्त्रज्ञ एन. सी. नायक व माधवन यांनी पेशीतलं तांबं आणि त्याचा विषारी परिणाम यावर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं.

यकृताच्या वाळवलेल्या ऊतीत एका ग्रॅमला साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबं सामान्य मानलं जातं. विल्सन्स डिसीज या तांब्याच्या जन्मजात आजारात ते २५० च्या वर जातं. या मुलांच्या यकृतात ते हजाराच्याही पुढे सापडे. एवढं तांबं दुसऱ्या फार थोड्या आजारांत दिसतं.

विल्सन्स डिसीजशी तुलना केल्यावर कोडं आणखी अवघड झालं. विल्सनमध्ये सेरुलोप्लाझमिन, म्हणजे रक्तातलं तांबं वाहून नेणारं प्रथिन, सहसा कमी असतं. या मुलांत ते कमी नव्हतं. विल्सन दोन वर्षांच्या मुलात क्वचितच दिसतो. म्हणजे तांबं होतं, पण ते विल्सनच्या वाटेनं आलं नव्हतं. मग ते कुठून आलं?

ओपीडीतला प्रश्न

इथून काम पुण्यात आलं. रास्ता पेठेतलं केईएम हे १९१२ साली सुरू झालेलं धर्मादाय रुग्णालय. डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली त्यानं खेड्यांशी, विशेषतः वढूच्या परिसराशी, घट्ट नातं जोडलं होतं. रुग्ण घरी कसा राहतो, काय खातो, हे विचारण्याची तिथे रीतच होती. या आजाराचं उत्तर घरातच होतं, म्हणून या रितीला महत्त्व आहे.

पंडित आणि भावे यांनी आहाराचा इतिहास घ्यायला सुरुवात केली. ‘बाळाला काय देता?’ या एका प्रश्नावर थांबून चालणारच नव्हतं. ती चौकशी साधारण कशी चालत असेल, हे कळावं म्हणून खाली एक संवाद मांडतो. तो कुणा एका बाईचा नाही. अशा चौकशीत जे धागे वारंवार हाती लागत, ते त्यात एकत्र केले आहेत.

“वरचं दूध कधी सुरू केलं, ताई?”

“तिसऱ्या महिन्यात. अंगावरचं पुरत नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, म्हशीचं दे पाणी घालून.”

“तापवता कशात?”

“पातेल्यात.”

“पातेलं कसलं?”

“पितळेचं. माझ्या लग्नात आलेलं.”

“तापल्यावर दुसऱ्या भांड्यात काढता?”

“नाही, त्यातच असतं झाकून. बाळ उठलं की थोडं घेते आणि पाजते. संध्याकाळी पुन्हा तापवते.”

“कल्हई शेवटची कधी केली?”

बाई विचारात पडते. सासूकडे बघते. “लग्नात होती,” सासू म्हणते.

या संवादातल्या प्रत्येक उत्तराला वजन आहे. तिसरा महिना म्हणजे बाळाचं यकृत अजून कोवळं. म्हशीचं दूध म्हणजे आईच्या दुधाऐवजी बाहेरचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यातच झाकून ठेवणं म्हणजे दूध आणि धातू तासन्‌तास एकमेकांना लागून. आणि कल्हई उडालेली. यातली एकच गोष्ट वेगळी असती तर कदाचित मूल वाचलंही असतं.

अशी उत्तरं आजारी मुलांच्या घरून मिळाली एवढ्यानं भागत नाही. निरोगी मुलांच्या घरीही पितळी पातेली असणारच. म्हणून तुलनेची मुलं घेऊन त्यांच्याही आयांना हेच प्रश्न विचारले गेले. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून ठेवलं जात होतं, हा फरक त्यातून ठळकपणे पुढे आला. टॅनर, भावे, कँटार्जियन आणि पंडित यांचा लेख १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तांबं उतरलेलं जनावराचं दूध फार लवकर सुरू करणं हे या आजाराचं संभाव्य कारण, असं त्याच्या मथळ्यातच म्हटलं होतं. तुलनात्मक अभ्यासाचा सविस्तर लेख १९८७ मध्ये आला.

‘संभाव्य’ हा शब्द त्यांनी जपून वापरला. हाती एवढा सुसंगत पुरावा असताना लेखकांनी तो शब्द गाळला नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी विशेष आदर वाटतो.

दूध तांबं का ओढतं

आपल्याकडे तांब्याच्या घागरीत पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठेवतात, मग दुधानं काय बिघडलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही विचारला जातो. त्याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळालं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पितळी भांड्यात दूध उकळलं आणि ठेवून दिलं की भांड्यातलं तांबं दुधात उतरत राहतं आणि केसीनला चिकटून तिथेच राहतं. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ मध्ये हे मोजून दाखवलं. त्या दुधाला रंग येत नाही. घोट-दोन घोटांत मोठ्या माणसाच्या तोंडाला विशेष काही जाणवतही नाही. आणि तान्ह्या बाळाचा सगळा आहार तेच दूध असतं.

बाळाच्या यकृताची बाजूही यात आहे. गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत बाळ यकृतात तांबं साठवतं. जन्मतः त्याच्या यकृतात मोठ्या माणसाच्या कैकपट तांबं असतं आणि पहिल्या काही महिन्यांत ते हळूहळू उतरतं. शरीरातून तांबं बाहेर पडायची मुख्य वाट पित्ताची आणि लहान बाळात तीच पुरती तयार झालेली नसते. आईच्या दुधात तांबं कमी असतं, म्हणजे निसर्गानं या काळात बाळाला बाहेरून फारसं तांबं मिळू नये अशीच सोय केली आहे. पितळी पातेल्यातल्या दुधानं ती सोय उलटवली.

कल्हईची गोष्टही इथेच सांगायला हवी. कल्हईवाला गल्लीत आला की भट्टी पेटे आणि भाता चाले. भांडं लालसर तापवून त्यात नवसागराची पूड टाकली की पांढरा धूर उठे. मग कथलाची कांडी आतून फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झटपट पुसून घ्यायचं, की आतली बाजू चांदीसारखी उजळे. कथलाचा तो पातळ थर दुधाला पितळेपासून दूर ठेवतो. पण राख, चिंच आणि काथ्या यांनी रोज घासलं की तो उडतो, आणि गावात कल्हईवाला वर्षातून एखाद वेळेस येतो. भांडं बाहेरून लखलखीत आणि आतून उघडं. चांगल्या घासलेल्या पातेल्याचा गृहिणीला अभिमान असतो. त्याच घासण्यानं कल्हई जाते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

केईएमपासून फार लांब नाही अशा कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईपासून तिथे तांबट वस्तीला आहेत आणि मठारकामाच्या हातोड्यांचा आवाज आजही तिथे ऐकू येतो. या संशोधनाचा अर्थ त्यांचा धंदा वाईट असा नव्हता आणि नाही. कल्हई केलेलं भांडं, बंबातलं पाणी, हंडा, कळशी, यांबद्दल ही तक्रारच नव्हती. मुद्दा होता तो तान्ह्या बाळाच्या दुधाचा, आणि तेवढाच अचूक ठेवल्यामुळे तो लोकांना पटला. पूजेच्या तांब्यापासून सगळ्याच भांड्यांवर संशय घेतला असता तर कुणीच ऐकलं नसतं.

औषध, आणि औषधानं सांगितलेली गोष्ट

कारण शोधत असतानाच दाखल मुलांचं काय करायचं हा प्रश्न होता. तांबं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं पेनिसिलामाइन जॉन वॉल्श यांनी १९५६ मध्ये विल्सन्स डिसीजसाठी आणलं होतं. पुण्याच्या गटानं ते या मुलांना देऊन पाहिलं आणि त्याचे निष्कर्ष १९८७ मध्ये मांडले. कावीळ होऊन शेवटच्या टप्प्यात आलेल्या मुलांना फारसा उपयोग झाला नाही. काविळीच्या आधी आलेल्या मुलांपैकी काही वाचली.

वाचलेल्या मुलांच्या पाठपुराव्याचा लेख बावडेकर, भावे, प्रधान, पंडित आणि टॅनर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. मला या सगळ्या कामातला तो सर्वांत मोलाचा भाग वाटतो. ती मुलं वाढली. यकृताची स्थिती सुधारली. मुख्य म्हणजे औषध थांबवल्यावरही तांबं पुन्हा साठलं नाही. विल्सनच्या रुग्णाला औषध जन्मभर घ्यावं लागतं, कारण त्याच्या पेशीतला दोष कायमचा असतो. इथे औषध बंद करता आलं. म्हणजे तांबं बाहेरून, आयुष्याच्या एका विशिष्ट काळात आलं होतं, आणि तो काळ सरल्यावर यकृत स्वतःला सांभाळू शकत होतं. स्वयंपाकघरातून निघालेल्या तर्काला उपचाराच्या बाजूनं असा दुजोरा मिळाला.

असा पाठपुरावा वर्षानुवर्षं करणं किती कठीण असतं, हे सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयात काम केलेल्याला वेगळं सांगायला नको. पत्ता बदलतो. मूल बरं दिसू लागलं की एसटीचं भाडं घालून पुण्याला यायचं कशाला, असं घरच्यांना वाटतं. तरीही ती मुलं पुन्हा पुन्हा येत राहिली, कारण डॉक्टर तेच होते आणि त्यांना मुलाचं नाव ठाऊक होतं.

प्रतिबंधाचं काम तसं साधं होतं. आईचं दूध पाजा, वरचं दूध द्यावंच लागलं तर स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात तापवा आणि ठेवा. आजारी मुलांच्या पाठच्या भावंडांवर विशेष लक्ष. चंडीगडचे वालिया आणि सिंग यांच्यासह पुण्याच्या गटानं १९९२ मध्ये या प्रतिबंधावर लिहिलं. १९९० च्या दशकात नवे रुग्ण झपाट्यानं कमी होत गेले.

सगळे एकमताचे नव्हते

गौरवाच्या लेखात मतभेद सांगू नयेत असा एक संकेत आहे. मला तो मान्य नाही. काम खरं असेल तर त्यावरचा आक्षेपही त्याच्यासोबत सांगता आला पाहिजे.

आक्षेप वजनदार होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या बहुकेंद्री अभ्यासात भांड्यांचा संबंध असा स्वच्छ दिसला नाही. एन. सी. नायक, म्हणजे १९७९ च्या त्या लेखातले भारतीय सहलेखक, पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले की आहारातून येणारं जास्तीचं तांबं हे या आजाराचं कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. ज्यांनी पेशीतलं तांबं जगाला दाखवण्यात हातभार लावला, त्यांनीच पातेल्यावरचा आरोप नाकारला.

शिवाय त्याच दशकांत स्टीलची भांडी स्वस्त झाली आणि पितळ मोडीत देऊन स्टील घेण्याची लाटच आली. रस्ते, दवाखाने, स्तनपानाचा प्रचार, सगळंच बदललं. मग आजार गेला तो सल्ल्यामुळे की स्टीलमुळे? प्रामाणिक उत्तर असं की दोन्ही वेगळे करून मोजता येत नाहीत. पण पातेल्याचा तर्क खरा असेल तर स्टील आल्यावर आजार जायलाच हवा होता, आणि तो गेला. भांडी गेली आणि आजार राहिला असं झालं नाही.

मला स्वतःला पुण्याच्या गटाची बाजू अधिक बळकट वाटते, आणि त्याचं मोठं कारण ऑस्ट्रियात आहे.

टायरॉलचा साक्षीपुरावा

‘इंडियन’ हे विशेषण लावलं की वाटतं, हा आपल्याच रक्तातला काही दोष. १९९६ साली म्युलर आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पश्चिम ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागाची हकिगत मांडली. १९०० ते १९७४ या काळात तिथल्या खेड्यांतली १३८ तान्ही आणि लहान मुलं अगदी अशाच यकृताच्या आजारानं गेली होती. तिथे पाणी घातलेलं गाईचं दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात उकळून बाळाला देण्याची रीत होती. भांडी बदलली आणि आजार संपला. घराण्यांच्या वंशावळी तपासल्यावर आनुवंशिक प्रवृत्तीही दिसली: दोन्ही बाजूंनी सदोष जनुक आलेलं मूल, आणि त्याच्या वाट्याला तांब्याच्या भांड्यातलं दूध.

जर्मनीतही काही बाळं अशीच आजारी पडली होती. तिथे भांड्याऐवजी नळ होता. खासगी विहिरीचं आम्लधर्मी पाणी तांब्याच्या नळातून येई आणि त्यात पावडरचं दूध कालवलं जाई.

महाराष्ट्रातलं पितळी पातेलं, टायरॉलमधलं तांब्याचं भांडं आणि जर्मनीतला तांब्याचा नळ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी तिन्हीकडे कोवळ्या वयात दुधासोबत तांबं जातं आणि तिन्हीकडे यकृत त्याच पद्धतीनं बिघडतं. खेड्यातल्या आयांना विचारलेल्या प्रश्नांमुळे युरोपातल्या जुन्या मृत्यूंचा अर्थ लागायला मदत झाली, हे मानपत्रात यायलाच हवं.

मानपत्रात काय असावं

सन्मान वेळेवर व्हावा हेही खरं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखर-पाण्यानं कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवणारे डॉ. दिलीप महालनबीस हे मूळचे बालरोगतज्ज्ञ. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये गेले आणि पद्मविभूषण जाहीर झाला जानेवारी २०२३ मध्ये. परदेशी पुरस्कार त्यांना आधीच मिळाले होते, पण घरचा एवढा मोठा सन्मान हाती घ्यायला ते नव्हते. जुलाबात अंगातलं पाणी भरून काढणारं मीठ-साखरेचं पाणी आणि बाळाच्या दुधाचं भांडं, दोन्ही कामं इतकी साधी दिसतात की त्यांचं मोठेपण लक्षात यायला वेळ लागतो. वेळ लागू द्यायचा नसेल तर मानपत्र लिहिणाऱ्यानं आधी ते काम समजून घ्यायला हवं.

केईएमच्या या गटासाठी मानपत्र लिहायला मला सांगितलं, तर मी पदांपासून सुरुवात करणार नाही. त्या आहार-चौकशीतले प्रश्न जसेच्या तसे छापेन, कारण या कामाचं मुख्य साधन तेच होतं. एकाच नावावर सगळं घालणार नाही. पंडित, भावे, प्रधान, बावडेकर यांच्याबरोबर लंडनच्या प्रयोगशाळेत रंग लावणाऱ्यांची नावं येतील, चंडीगडच्या सहकाऱ्यांची येतील. नायकांचा आक्षेप येईल. आणि ज्या आयांनी आजारी मूल मांडीवर घेऊन, काही आयांनी तर मूल गेल्यावरही, पातेल्याबद्दलचे प्रश्न न कंटाळता ऐकून उत्तरं दिली, त्यांचा उल्लेख येईल. स्वतःच्या हातानं तापवलेल्या दुधाबद्दल अशी चौकशी होत असताना खरं सांगणं सोपं नव्हतं. त्या खरं बोलल्या म्हणून पाठची भावंडं वाचली.

पंडितांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घालेन. कमी वजनाच्या बाळांचं पुढे काय होतं, या प्रश्नाचाही त्यांनी पाठपुरावा केला. १९८७ ते ८९ दरम्यान केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची चौथ्या वर्षी तपासणी करून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं जन्मवजन आणि पुढचा मधुमेह यांचा संबंध शोधायला घेतला, त्यात पंडितही होते. बाळाच्या पहिल्या वर्षात जे घडतं ते पुढे दूरवर पोहोचतं, ही दिशा यकृताच्या कामातही तीच होती.

अजून उघडे प्रश्न

आजार जवळपास गेला, पण कोडं पूर्ण सुटलेलं नाही. पितळी पातेल्यातलं दूध पिणाऱ्या सगळ्या मुलांना तो होत नव्हता. ज्यांना झाला त्यांच्यात काही जनुकीय कच्चेपणा असणार, असं भावंडांवरून आणि टायरॉलच्या वंशावळींवरून दिसतं. विल्सन्स डिसीजचं जनुक त्याला जबाबदार नाही. बेडलिंग्टन टेरियर जातीच्या कुत्र्यांत यकृतात तांबं साठण्याचा आनुवंशिक आजार आहे. २००२ मध्ये त्याचं जनुक सापडल्यावर तेच इथेही असेल अशी आशा होती, पण पुढच्या वर्षी तपासलं तर तेही नव्हतं.

दवाखान्यात याचा उपयोग आजही आहे. लहान मुलाचं यकृत घट्ट आणि वाढलेलं लागलं की चयापचयाचे आजार, पित्तनलिकेचे दोष, हिपॅटायटिस यांच्या तपासण्या आपण करतोच. त्याच वेळी दूध कशात तापतं, पाणी कशात साठतं आणि पावडरचं दूध कोणत्या पाण्यात कालवतात हे विचारायला दोन मिनिटं लागतात. तांब्याच्या बाटल्या आणि पितळी भांडी पुन्हा घराघरात येऊ लागली आहेत. मोठ्यांनी त्यातलं पाणी प्यावं की नाही हा वेगळा विषय. वर्षाच्या आतल्या बाळाचं दूध मात्र त्यात तापवू नये, ठेवू नये आणि त्या बाटलीतल्या पाण्यात पावडर कालवू नये.

उपचारानं वाचलेली ती मुलं आता चाळिशीच्या आसपास असतील. त्यांची आजची यकृतं कशी आहेत आणि त्यांच्या मुलाबाळांत काही दिसतं का, हे विचारायला हवं. आणि त्यांच्या रक्तात ते न सापडलेलं जनुक आजच्या तंत्रानं शोधता येईल का, हेही पाहायला हवं. त्या गटाच्या पुढच्या पिढीनं हे हाती घ्यावं, आणि सत्कारासाठी निधी उभा राहिलाच तर त्यातला मोठा वाटा या पाठपुराव्यासाठी द्यावा.